खिडकीकडे पाठ

पाऊस चुकवायला वर आलो, असं तो म्हणाला. आणि गंमत म्हणजे पाऊस सुरू झाला तो खुर्चीत बसल्यावर!

तिच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत ती कपडे दुरुस्त करायची. बाह्या आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर... आणि गिऱ्हाईक खरं बोलतंय की थापा मारतंय, हे तिला टाचण्या लावता लावता कळायचं. वडील तिला फौजदारच म्हणत. खोलीची मोठी खिडकी थेट फुटबॉलच्या मैदानावर उघडायची आणि ते मैदान राखायचं काम वडिलांचं होतं.

"पाऊस येणार हे आधीच कळलं वाटतं?" तिने विचारलं.

"ढग आले होते ना... आणि खाली तुमची पाटी दिसली. या जॅकेटच्या बाह्या लांब होतात."

"जॅकेट तुमचंच आहे ना?"

"आधीच्या माणसाचं. त्याची नोकरी मला मिळाली, नोकरीबरोबर जॅकेटही."

"कसली नोकरी?"

"पोरांना... शिकवतो."

तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने आधी डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग उजव्या, आणि मगच ग्लास हातात घेतला. पावती दिली, तेव्हाही तेच!

"मागे कोणी लागलंय का हो?"

"छे! जुनी सवय आहे, जाता जात नाही."

झालं! फौजदाराच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. बायकोला चुकवून हिंडतोय की काय? की पोलिसांना? पण तो हसला की डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडायच्या, आणि मनगटाचं माप घेताना टेप तिच्या हातून दोनदा घसरली. स्वतःचाच भयंकर राग आला तिला.

बाह्या झाल्या. मग चेन अडकली म्हणून आला. मग खिशाचं बटण मुठीत घेऊन आला.

"हे तुटलेलं नाही," दोरा उजेडात धरून ती म्हणाली. "तुटलेला दोरा विसकटतो. हा ब्लेडने कापलाय. कोणी कापला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "...मीच."

"का?"

"जॅकेटचं आणखी काय बिघडवणार होतो?"

तिने मान खाली घालून बटण लावलं, अगदी घट्ट. आणि लावून झाल्यावर हळहळली. आता हा कशाच्या निमित्ताने येणार?

नेमके त्याच दिवशी वडील जिन्यात त्याला भेटले. वर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"फौजदार, हा कोण होता माहितेय? आयुष्यभर खालच्या डिव्हिजनमध्ये मिडफिल्डर म्हणून खेळला. पास द्यायचा तर असा, की बघत राहावं. पण वर जायचा योग काही आला नाही. गुडघा गेला, आता असिस्टंट कोच झालाय. आणि रविवारी आपली मॅच त्याच्याच टीमशी आहे!"

"तो सारखं मागे का बघतो?"

"मिडफिल्डर आहे गं तो. चेंडू पायाशी यायच्या आधी मागे कोण आहे ते बघावंच लागतं. पण इथे येऊन काय बघत होता, ते सांग मला!"

तिने खिडकीकडे पाहिलं. खाली वडिलांच्या टीमचा सराव चालू होता. रविवारी जो जिंकेल तो वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार. म्हणून फाटकं बंद होती, आणि इथे मात्र अख्खं मैदान ताटात वाढल्यासारखं दिसत होतं. बाह्या, चेन, बटण... सगळं या खिडकीसाठी? आणि ती वेडी आपली टेप सांभाळत बसली होती!

रडली नाही ती. फौजदार रडत नाहीत. शुक्रवारी तिने खुर्ची मुद्दाम खिडकीसमोर मांडली आणि पडद्याची दोरी हातात धरून उभी राहिली. त्याची मान तिकडे वळलीच, तर पडदा खाली आणि माणूस जिन्याखाली!

तो आला. "आज काहीच बिघडलेलं नाही. नुसताच आलोय."

त्याने उघडी खिडकी पाहिली, तिच्या हातातली दोरी पाहिली. मग खुर्ची उचलून फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून बसला.

"बघा ना," ती म्हणाली. "त्यासाठीच येता ना?"

"वडिलांनी सांगितलं तर."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"कारण पहिल्या दिवशी... त्यासाठीच आलो होतो. हेड कोचने पाठवलं होतं. पावसाने सराव झाला नाही. मग तो रोज पाठवायला लागला. परत गेलो की विचारायचा, काय पाहिलंस? मला आपलं आठवायचं, टाचण्या तू ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरतेस... दोरा तोडताना डोळे मिटतेस..."

"थापा!"

"काल त्याला सांगून टाकलं, हे मला जमणार नाही. तो म्हणाला, मग जन्मभर खालीच राहा."

"वर जायचं नाही तुम्हाला?"

"तेवढंच तर हवं होतं आजवर. पण... असं नको."

खाली शिट्टी वाजली. "कॉर्नर! पुन्हा एकदा!" कोणीतरी ओरडलं. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. मान मात्र हलली नाही.

तिने पडदा ओढला, पण त्याला जिन्याखाली नाही पाठवलं. तरी मनातली पाल चुकचुकतच होती. इतकं गोड बोलणारा माणूस! आधीच सगळं पाहून गेला असेल तर?

रविवारी ती वडिलांशेजारी बसून मॅच बघत होती. अगदी शेवटी वडिलांच्या टीमला कॉर्नर मिळाला. सगळे गोलकडे धावले आणि चेंडू मात्र हळूच मागे दिला गेला, तिथे एकट्याच उभ्या असलेल्या खेळाडूकडे. गोल! वडील नाचायलाच लागले.

"आठवडाभर हाच कॉर्नर घोटत होते गं! त्याने एकदा जरी पाहिला असता ना, तर त्या खेळाडूजवळ माणूस उभा केला असता. काही पाहिलं नाही बिचाऱ्याने!"

समोरच्या बाकावर तो डोकं हातांत धरून बसला होता. जिंकलेल्या घरातली मुलगी ढसाढसा रडली ती अशी.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी जिना वाजला. वडिलांनी दार उघडलं आणि त्याला आत घेऊन त्याच्या पाठीशी उभे राहिले. मैदान रिकामं होतं, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. तिने ग्लास पुढे केला. त्याने सरळ घेतला.

"आज मागे नाही पाहिलंत?"

"मागे तुझे वडील आहेत. पाहिलं तर विचारायची हिंमत होणार नाही." त्याने ग्लास खाली ठेवला. "लग्न करशील माझ्याशी?"

"अजूनही खालच्याच डिव्हिजनमध्ये आहात ना?"

"...हो."

तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा. असल्या पावसात कुठे जाणार?"