शेवटच्या रांगेपलीकडे

माझ्या मेहुण्याला गोदामाचा मॅनेजर कोणी केलं, हे मी बायकोला एकदाच विचारलं. पुढे बरेच दिवस मला स्वतःचा चहा स्वतः करून प्यावा लागला. तिचा दादा म्हणजे तिचा जीव की प्राण. माझ्या मते तो कोट घातलेला दगड होता.

त्याच्या गोदामात कामगार हातात स्कॅनर घेऊन फिरायचे. खोक्यावरचा कोड टिपला की ती नोंद छतावरच्या वायफायच्या डब्यांमधून ऑफिसात पोहोचायची. या सगळ्या डब्यांचा कारभार एकच सर्व्हर बघायचा आणि तो बसला की अख्खं गोदाम हातावर हात धरून बसायचं. तसं पुन्हा पुन्हा झाल्यावर मालकांच्या डोक्यात उजेड पडला. जोडीला दुसरा सर्व्हर हवा. पहिला पडला की त्याने आपोआप कारभार हातात घ्यायचा. ते काम माझ्याकडे आलं.

जागा कुठे मिळाली? मोडक्या स्वच्छतागृहात.

"मशीनला गारवा लागतो," मेहुणा म्हणाला. "मला माहितीये."

त्याला सगळंच माहीत असायचं. कामगार त्याच्या पाठीमागे त्याला माहितीयेसाहेब म्हणायचे, आणि त्याला तो मान वाटायचा.

मी बेसिनशेजारी मशीन मांडलं आणि पहिल्या सर्व्हरमधली सगळी माहिती त्यात उतरवली. मग भर दुपारी, काम चालू असताना, पहिला बंद केला. स्कॅनर क्षणभर गप्प झाले आणि लगेच पुन्हा टीटी करायला लागले. स्क्रीनवरच्या नकाशात सगळे डबे हिरवे झाले, त्यांच्याभोवती स्कॅनरचे ठिपके फिरू लागले. मी स्वतःवर खूश होतो.

मग एक डबा जास्तीचा दिसला. शेवटच्या रांगेच्या पुढे, भिंतीपलीकडे.

पहिला सर्व्हर चालू केला, डबा गेला. बंद केला, डबा परत आला. मी बाहेर जाऊन भिंतीमागे बघितलं. वाळकं गवत, फुटके टायर आणि कुंपण. डबा लावायला तिथे खांबसुद्धा नव्हता. पण त्याचा सिग्नल बाकी सगळ्यांपेक्षा दणदणीत होता.

मी मेहुण्याला सांगितलं. तो सगळ्यांसमोर हसला.

"जावईबापू, नकाशा उलटा लावलात वाटतं. थांबा, मीच जातो. तुम्ही बसा बघत."

त्याने स्कॅनर उचलला, मला फोन लावून तो कानाला धरला आणि निघाला. ऑफिसातून तो राजासारखा डुलत रांगेत शिरताना दिसला, मग खोक्यांआड गेला. त्याचा ठिपका भिंतीपर्यंत पोहोचला.

थांबला नाही.

"अहो, रांग आहे की इथे," फोनवर त्याचा आवाज आला. "माल लावलाय. हे कोणी मला सांगितलं कसं नाही?"

"साहेब, परत फिरा."

"गार आहे हो फार," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला तोरा पहिल्यांदाच उतरला होता. "आणि खोकी... गरम आहेत."

फोन कट झाला.

आम्ही धावलो. शेवटच्या रांगेत कोणी नव्हतं. भिंत होती तशी होती, रंगाला ओरखडासुद्धा नाही. पोलीस आले, भिंतीवर टिचक्या मारून गेले. माणूस बायकोला कंटाळून पळाला असेल, असा शोध त्यांच्या साहेबांनी लावला. त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. मालकांना हरवलेल्या स्कॅनरची काळजी जास्त.

स्कॅनर मात्र हरवला नव्हता. स्क्रीनवर तो पलीकडच्या रांगेत हळूहळू सरकत होता आणि एकामागून एक नोंदी पाठवत होता. आमच्या यादीत नसलेले कोड. विसावा म्हणून नाही.

"तो दुसरा सर्व्हर बंद करू नकोस," बायको म्हणाली. ती रडून थकली होती. "तेवढाच दिसतो रे दादा."

पहिला सर्व्हर चालू केला की पलीकडचं सगळं गायब व्हायचं, म्हणून तो जळाला असं मी मालकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. जळका आणि धडका यांतला फरक कळणारं तिथे कोणी नव्हतंच. त्या गाढवासाठी मी रोज त्या कुबट खोलीत बसत होतो, याची मला चीड येत होती. तरी बसत होतो.

काल दुपारी नोंदी थांबल्या. ठिपका स्थिर झाला.

तेवढ्यात बायकोचा फोन. ती हसत होती, रडत होती.

"अरे, दादा आला घरी! बरा आहे. फक्त बोलत नाहीये काही."

मी स्क्रीनकडे बघितलं. ठिपका भिंतीपलीकडेच होता.

"काय करतोय तो?"

"घरभर फिरतोय. एकेका वस्तूला हात लावून बघतोय. आत्ता कपाटाला लावला."

स्क्रीनवर नोंद पडली.

"आता टेबलाला."

दुसरी नोंद.

"घराबाहेर पड," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

"काहीतरीच काय? किती दिवसांनी आलाय. हात नुसते बर्फ झालेत त्याचे." मग ती लाडात म्हणाली, "हे बघ, माझ्या डोक्यावर हात ठेवलाय."

फोन चालूच होता. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

स्क्रीनवर नवी ओळ उमटली. माल चांगल्या स्थितीत. नग एक.