हो, हो

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तुमचाही नसेल. पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या घरात घडलंय, भर दुपारी, आणि माझी चुलत बहीण तेव्हा तिथेच होती.

काकांचा जन्म छापखान्यात गेला. यंत्रांच्या खडखडाटात कान गेले. कानाला मशीन लावूनही अर्धंमुर्धंच कळायचं, मग ते आपले "हो, हो" म्हणून मोकळे व्हायचे. या सवयीपायी एकदा शेजाऱ्यांचा कुत्रा महिनाभर सांभाळावा लागला होता.

टीव्ही मात्र काकू ऐकवायची. नायिकेचं लांबलचक बोलणं संपलं, की त्यांच्या कानाशी म्हणायची, "काही विशेष नाही. रडतेय."

"एवढं बोलली, आणि काही विशेष नाही?" काका चिडायचे.

काकू वारली ती हॉस्पिटलात. तेव्हा जवळ एकटे काकाच होते. तिचे ओठ हलले... बराच वेळ हलले. काकांना एक अक्षर कळलं नाही.

सवयीनं ते म्हणाले, "हो, हो."

काकू हसली. मग सगळं संपलंच.

तेव्हापासून काकांचा जीव तीळ तीळ तुटायचा. पाणी मागितलं असेल का तिनं? आणि आपण नुसती मान डोलावली?

बहिणीनं टीव्हीवर सबटायटल्स लावून दिली. "बाबा, आता सगळं खाली लिहून येईल. आवाजसुद्धा."

त्या रविवारी मालिकेतली नायिका बोलत होती. बोलतच होती. खाली अक्षरं आली...

काही विशेष नाही. रडतेय.

काकांनी चष्मा पुसला. तोवर जाहिरात लागली होती. साबणाची. पण खाली आलं...

(वाटी पडते)

तेवढ्यात स्वयंपाकघरात खण्ण आवाज झाला. बहीण आत धावली. वाटी फरशीवर अजून गरगरत होती.

काका पडद्याजवळ सरकले. "त्या दिवशी काय म्हणालीस गं? पाणी हवं होतं का?"

साबणाचा फेस उडत राहिला. खाली सावकाश उमटलं...

पाणी नको होतं हो.

मग...

एकटीला भीती वाटते, म्हणाले मी. लवकर याल ना?

बहीण बाहेर आली, तर काका लहान मुलासारखे रडत होते.

"मी तिला हो म्हणालोय," एवढंच ते सांगत होते.

तिनं पडद्याकडे पाहिलं. पुढची ओळ तिनंही वाचली...

(दार वाजतं)

बहिणीचे कान चांगले आहेत. दार वाजलं नव्हतं.

"हो, हो," म्हणत काका उठले. तिनं त्यांना घट्ट धरून ठेवलं.

आता सबटायटल्स बंद आहेत. काका ठणठणीत आहेत. दुपारी टीव्हीसमोर शांत बसतात, पूर्वीसारखेच.

फक्त हल्ली चपला घालून बसतात.