टेपवरची दुसरी बाई

त्या सोमवारी मेरिबेथ कोल्टर आपल्या कॉलेजच्या अभिलेखागारात गेली ती फक्त टेपा ऐकायला. गावातल्या तांब्याच्या खाणी कधीच्याच बंद पडल्या होत्या. खाणकामगारांच्या विधवांच्या मुलाखती पन्नासएक वर्षांपूर्वी कुणीतरी घेऊन ठेवल्या होत्या, त्यावर तिचा प्रबंध होता. शुक्रवारपर्यंत चौदा टेपा ऐकून शब्दन् शब्द टाईप करायचा होता.

"कानाला लावायचं ते यंत्र जुनं आहे, जपून वापर," अभिलेखागार सांभाळणाऱ्या मिसेस कांगास म्हणाल्या. "आणि खोलीत खायचं नाही."

खाण्याची तिला आठवणच येणार नव्हती. निघण्याआधी वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणाऱ्या कॅसने तिला एक गोळी दिली होती. कॅसचं लक्ष लहानपणापासून एका जागी टिकत नसे, म्हणून डॉक्टरांनी तिला त्या गोळ्या लिहून दिल्या होत्या.

"एकच हं," कॅस म्हणाली होती. "आणि परत मागू नकोस. मला त्या मोजून मिळतात."

खोली तळघरात होती. वरच्या अंगाला एक बुटकी खिडकी, तिच्या निम्म्यापर्यंत बर्फ साचलेलं, त्यामुळे भरदुपारीही आत निळसर उजेड असे. टेपांना आंबूस वास येत होता. त्या दिवशी मेरिबेथने पाच टेपा संपवल्या. बोटं आपोआप चालत होती.

सहावी टेप हिल्मा नावाच्या म्हातारीची होती. नवरा गेल्यावर लोकांचे कपडे धुऊन तिने घर कसं चालवलं, ते ती सावकाश सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबे. चार-पाच सेकंद फक्त खरखर. मग पुन्हा बोलणं.

त्या खरखरीत कुणीतरी बोलत होतं.

मेरिबेथने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली. बाईचाच आवाज, पण हिल्माचा नव्हे, आणि इंग्रजीही नव्हे. शेजारच्या खोलीतून यावा तसा दबका. भीती नाही वाटली तिला. उलट मजा वाटली. ही कोण, आणि कुणालाच कशी सापडली नाही? कानावर पडेल तसं ती इंग्रजी अक्षरांत टाईप करत गेली.

संध्याकाळी गोळीचा अंमल उतरला, डोकं जड झालं आणि तो आवाजही गेला. त्याच जागा, नुसती खरखर.

ती वसतिगृहावर गेली. कॅस वर्गाला गेली होती. तिची बाटली कपाटातच होती. मेरिबेथने एक घेतली आणि तळघरात परतली. तासाभराने बाई पुन्हा बोलू लागली, आता अधिक जवळून.

मंगळवारी ते असंच चाललं. आवाज विरत चालला की कॅसच्या बाटलीतली एक गोळी, विरला की आणखी एक. आधीच्या गोळीने जेवढं ऐकवलं तेवढं पुढचीने ऐकवलं नाही, म्हणून तिच्यापुढची जरा लवकर. सोमवारी रात्री ती झोपली नाही, मंगळवारीही नाही. दाढा एकमेकींवर घट्ट आवळून दुखू लागल्या. तोंड कोरडं, बोटांची टोकं पांढरी आणि गार. दप्तरातली बटाट्याचं सारण भरलेली पास्टी तशीच कडक झाली. छातीत मधूनमधून काहीतरी चुकल्यासारखं होई, पण त्यासाठी थांबायला तिला सवड नव्हती. बाई काहीतरी विचारत होती, एवढं तिला सुरावरून कळलं होतं. तेच तेच विचारत होती.

बुधवारी दुपारी मिसेस कांगास दारात उभ्या राहिल्या.

"पोरी... कुणाशी बोलतेयस?"

"हळू... ती बोलतेय."

"टेप बंद आहे," त्या म्हणाल्या.

मेरिबेथने यंत्राकडे पाहिलं. टेपच्या चकत्या फिरत नव्हत्या. कानात मात्र ती बाई बोलतच होती, इतकी जवळ की श्वास घेतलेलाही कळावा. मग काळीज एकदम उधळलं. उठायला गेली तो खिडकीतला निळा उजेड आक्रसत आक्रसत एका ठिपक्याएवढा झाला.

शुद्धीवर आली तेव्हा छातीला तारा लावलेल्या होत्या. डॉक्टर तरुण होता, शांतपणे बोलत होता. "एक गोळी उतरली असं तुला वाटतं, पण अंगात ती असतेच. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. तुझं मन म्हणत होतं कमी पडतंय, आणि हृदय तिकडे पळत सुटलं होतं. आणखी एक घेतली असतीस तर मी आत्ता तुझ्या आईला फोन करत असतो."

"आणि तो आवाज?"

"दोन रात्री झोप नाही, त्यात हे औषध. ऐकू येतात आवाज. माणसंही दिसतात काहींना."

कॅस एकदाच भेटायला आली. खुर्चीवर बसलीही नाही. "नव्या मिळायला अजून अकरा दिवस आहेत," ती म्हणाली. "काल परीक्षेत पहिला प्रश्न मी वीस वेळा वाचला. तू मागितल्या असत्यास तर नाही म्हटलं असतं, म्हणून मागितल्या नाहीस ना?"

पुढच्या सत्रात कॅसने खोली बदलली.

एप्रिलमध्ये मिसेस कांगास यांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर तिने टाईप केलेली पानं होती.

"तुला फिनिश येतं?"

"नाही. मी कॅन्ससची."

"हे फिनिश आहे, फिनलंडहून इथे आलेल्या खाणकामगारांची भाषा. अक्षरं चुकलीत, पण माझी आजी बोलायची तसंच आहे." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "ती विचारतेय, ही मुलगी झोपत का नाही. सगळ्या पानांवर हेच आहे."

"गावात कुठेतरी कानावर पडलं असेल माझ्या," मेरिबेथ म्हणाली. डॉक्टरांनी तसंच समजावलं असतं.

"असेल. ती टेप शेवटपर्यंत ऐकली होतीस?"

"नाही. थोडी राहिली होती."

त्यांनी यंत्र सुरू केलं. ह्या वेळी कानाला काही न लावता दोघींनी एकत्र ऐकलं. हिल्मा साबणाबद्दल सांगत होती. थांबली. खरखर. मेरिबेथने कान देऊन ऐकलं, त्यात काहीच नव्हतं. तिला हायसं वाटलं.

मग हिल्मा कुणाला तरी उत्तर द्यावं तसं हळूच म्हणाली, "झोपेल आता. पडली की झोपेल."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलाखत घेणारा माणूस घसा खाकरून अदबीने म्हणाला, "माफ करा, या बाई मघापासून बसल्यात... यांचं नाव काय लिहू?"

टेप तिथेच संपली.