नवा औंस

बडनेऱ्याच्या कापूस-बाजारात गाड्यांची रांग इतकी लांबली होती, की मागच्या गाडीवानांनी बैल सोडून चुली मांडल्या होत्या. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, तेव्हापासून वऱ्हाडात हे असंच... कापूस पुढे, माणसं मागे. सुभद्रा पेरूंची पाटी घेऊन रांगेतून चालली होती. तेवढ्यात एका गाडीवरून, थेट कापसाच्या ढिगावरून, आवाज आला.

"एका औंसाचे चारशे ऐंशी ग्रेन! एका औंसाचे—"

वर एक तरुण बसला होता. मिशांना कापूस चिकटलेला, मांडीवर सोनेरी कडांचं जाडजूड पुस्तक.

"चुकलं, भाऊ," सुभद्रा म्हणाली.

"भाऊ कोनाले म्हनता?" तो खाली वाकला. डोळे हसरे, आवाजात तोरा. "चांदूरचा चंद्रभान माळी मी. पुढच्या महिन्यात अकोल्याले कंपाउंडरची परीक्षा देऊन राहिलो. तुमी आपले पेरू इका."

"पेरू तं इकनारच. पन अमरावतीच्या दवाखान्यात धोतऱ्याचा पाला आमच्याच मळ्यातून जाते. औषधांचं नवं सरकारी पुस्तक आलं, तवापासून तिथली वजनं बदलली. औंस हलका झाला."

"औंस काय आजारी हाय, हलका व्हायले?"

"औंस नाई, तुमचं पुस्तक म्हातारं हाय. कोनं निवडलं?"

तो गोरामोरा झाला. "बानं. सायबाच्या लिलावात. सगळ्यात जाड अन् चमकदार होतं म्हनून."

"बैलबी असाच घेते का तुमचा बा?"

आजूबाजूचे गाडीवान खो खो हसले. चंद्रभानही हसला. तो चिडला असता, तर सुभद्रा पुढे निघून गेली असती. ती थांबली. "सोमवारी दवाखान्यात या. डोयानं पाहा."

सोमवारी तो आला. सुभद्रानं डॉक्टरसाहेबांना विचारून तराजू मांडला. एका पारड्यात जुना औंस, दुसऱ्यात नवा. दोघंही काट्यावर वाकले. काटा थरथरला... आणि जुन्याचं पारडं सावकाश खाली गेलं. चंद्रभानचा श्वास तिच्या गालाला लागला. ती मागे सरली नाही.

"सहा महिने पाठ केलं मी," तो हळूच म्हणाला. "नापास झालो, तं बा आडतीवर बसवन. जन्मभर कापूसच."

"मंग रडता का शिकता?"

"महिना उरला. शिकवनार कोन?"

"नवं पुस्तक एकच हाय, बाहीर नेता येत नाई. ओसरीवर बसून वाचा. मी पाला निसन, तुमी मोठ्यानं बोला."

तो रोज चांदूरहून कसा जाणार-येणार? त्यानं अमरावतीतच मावशीकडे मुक्काम ठोकला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून तो ओळ ओळ ताडून पाहू लागला. औषधं बरीचशी तीच होती. मापं आणि कृती बदलल्या होत्या. जे बदललं, ते तो नव्यानं घोकी. जीभ जुन्या आकड्याकडे वळली, की ऐकून ऐकून सगळं पाठ झालेली सुभद्रा नुसती भुवई उचले... आणि तो आकडा दुरुस्त करी.

एकदा वाचता वाचता त्याची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर थांबली. तिनंच सांगून टाकलं, "नवरा पटकीत गेला. चार वर्सं झाली."

"मावशी बोल्ली होती."

"मंग काहून थांबले?"

"वाचता येत नाई... तुमी समोर असल्यावर."

"मंग परीक्षेले मले समोर नका धरू," ती म्हणाली, आणि पाल्यात तोंड लपवून हसली.

महिन्याभरानं तो अकोल्याहून थेट मळ्यात आला. अंगावर वाटेची धूळ, हातात सनद.

"पास झालो! अकोल्याच्याच दवाखान्यात नेमनूक झाली."

"होनारच होते."

"येवढा भरोसा? माह्यावर?"

"पुस्तकावर," ती म्हणाली. पण खुरपं तिच्या हातातून कधीच गळून पडलं होतं.

चंद्रभाननं बांधाकडे नजर फिरवली. घसा साफ केला. "तुमच्या बांधावर... रुईचं झाड हाय का?"

सुभद्रानं मातीचे हात पदराला पुसले. त्यांच्या माळी समाजात विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागे. पण नवरा बिनलग्नाचा असला, तर त्याचं पहिलं लग्न रुईच्या झाडाशी लावत आणि मग पाट. उगीच कुणी बांधावरची रुई विचारत नसे.

"माह्या बाले इचारलं?"

"आधी तुमाले इचारून राहिलो."

तिनं मान वर केली. या खेपेला नजर त्याची खाली गेली, तिची नाही.

"इहिरीच्या पल्याड हाय रुई," ती म्हणाली. "पन आत्ताच आयकून ठेवा, चंद्रभान... सवत म्हनून तेवढं एक झाडच चालवून घेईन मी."