खर्ड्याच्या किल्ल्यात गुळाचा खडा

त्याची-माझी गाठ पडली ती पाण्याच्या टँकरपाशी. नळीखाली माझी कळशी लागलेली, आणि मध्येच एक बादली घुसली.

"अहो, रांग दिसत नाही का?"

"दिसते की... पण रांगेत तुम्ही आहात हे आत्ता दिसलं," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून बादली मागे घेतली.

हा सम्राट. आमच्या जामखेडच्या हायस्कूलमध्ये नवीन आलेला गणिताचा मास्तर. पुढे महिनाभर रोज टँकरपाशी दोन वाक्यं... कधी चार. तेवढ्यावर मी प्रेमात पडले. त्याला काही सांगायचं सोडून मनातल्या मनात आमचा संसारही थाटून बसले.

पंच्याण्णव सालचा मे. ताईचं लग्न. श्रीरामपूरचं वऱ्हाड आदल्या दिवशी सकाळीच दारात हजर! कालव्याच्या पाण्यावर, उसात वाढलेली माणसं. त्यांनी आमच्या गावात दिवसभर करायचं काय?

"खर्ड्याचा किल्ला दाखवून आण त्यांना, प्रज्ञा," बाबा म्हणाले. "आणि सरांना घे सोबत. शिकलेला माणूस आहे, इतिहास सांगेल."

गणिताचा मास्तर आणि इतिहास! पण मी कशाला बोलतेय? गपचूप नवी ओढणी काढली.

जीपपाशी पोचले, तर त्याच्या शेजारी दीपा बसलेली. नवरदेवाची मामेबहीण. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात कॅमेरा.

"अय्या, हे तर वाळवंटच आहे! सम्राट, इथं उंट मिळतात का हो?"

सम्राट! मी महिनाभर 'सर, सर' करतेय आणि हिला वीस मिनिटांत नाव पाठ!

"उंट नाहीत. मास्तर मिळतात," तो म्हणाला. ती अशी काही हसली! माझ्याशी बोलताना कधी सुचलं होतं त्याला असलं काही?

किल्ल्यात तर कहरच. तो सांगत होता, "खर्ड्याची लढाई सतराशे पंच्याण्णवची. म्हणजे यंदा बरोबर दोनशे वर्षं झाली." साधी वजाबाकी! पण दीपाबाई "बाई गं, किती हुशार!" म्हणून डोळे विस्फारून बघतायत. मग पायरी उंच म्हणून हात हवा. मग फोटो हवा. मी त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली, तर त्याने ती आधी तिला दिली. तीही मेली घटाघटा प्यायली.

मी फणकाऱ्याने जाऊन सावलीत बसले. तिथे दीपाची आई, चांगुणाबाई, पाय चोळत बसल्या होत्या.

"पोरी, ह्यो मास्तर कसा हाय गं? तू हितलीच, तुला ठावं असंल."

"का हो?"

"आमच्या दीपीसाठी म्हनते. दोघांचं लई जमतंय बघ. लग्नाला समदी जमल्यात, उद्याच बोलनी उरकून घेऊ."

उद्या? आता गप्प बसले तर तो हातचा जाणार होता. माझ्याच ताईच्या मांडवात, माझ्या डोळ्यांदेखत.

"त्यांचं ठरलंय," मी म्हणाले.

"व्हय? कुनासंगं?"

"...माझ्याशी."

चांगुणाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. क्षणभर हिरमुसल्या. मग पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घातला, आणि मी अडवायच्या आत हाक मारली, "ओ मास्तर! या हिकडं! ठरल्यालं लपवून ठेवता व्हय? तोंड ग्वाड करा!"

तो आला. माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून त्याला काय कळलं कोण जाणे... त्याने मुकाट्याने गूळ घेतला आणि खाल्ला.

मग मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "आपलं कधी ठरलं?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली." माझे डोळे भरून आले. "जळत होते मी सकाळपासून. मला तुम्ही आवडता... नको असेल तर जाऊन सांगा त्यांना, मुलगी खोटं बोलली म्हणून."

"मी गूळ खाल्ला ना?"

मी ओढणीने डोळे पुसले.

"मी किती दिवस शब्द जुळवतोय, आणि तुम्ही पाच मिनिटांत मोकळ्या!" तो हसला, आणि एकदम गंभीर झाला. "पण चांगुणाबाईंच्या पोटात ही गोष्ट राहील?"

"जामखेडच्या वेशीपर्यंतसुद्धा नाही."

"मग तुमच्या बाबांना ती माझ्याकडूनच आधी कळायला हवी. मी एसटीने पुढे जातो. मागणी घालायला किती वेळ लागेल?"

"बाबा आधी चहा पाजतील... दोन तास धरा."

तो पळतच सुटला. लांबून हात दाखवून त्याने एसटी थांबवली आणि आत चढला.

"चला पोरींनो, निघायचं!" चांगुणाबाई उठल्या. बातमी सांगायला त्यांची जीभ वळवळत होती.

"अहो, असं कसं? खरा किल्ला तर पुढेच आहे!" मी म्हणाले.

त्या उन्हात मी वऱ्हाडाला सगळे बुरूज दाखवले. उलट्या दिशेने आणून तेच पुन्हा दाखवले. दीपाची चप्पल तुटली, फिल्म संपली.

"सम्राट कुठं गेले?" तिने वैतागून विचारलं.

"आमच्या घरी," मी म्हणाले. "मला मागायला."