तीन मिनिटांत दलदल

खरं तर मी दार चुकले होते.

तळ्याकाठची दलदल बुजवून तिथं पार्किंग करायचं घाटत होतं. त्या दलदलीवरचा माझा एकशे बारा पानांचा अहवाल पालिका कचेरीच्या खिडकीवर द्यायचा आणि घरी जायचं, एवढाच बेत. पण मी शिरले एका छोट्या खोलीत. आत एक उंच तरुण हातात घड्याळ घेऊन बसलेला.

"उशीर झाला. तुम्ही बांबूवाल्या ना?"

"नाही... मी चिखलवाली."

तो हसला — असा, की मला परत फिरायचं सुचलंच नाही.

"बांबूवाल्या काही येत नाहीत आता. तुम्हीच बोला. निर्णय घेणाऱ्या समितीसमोर संशोधकांनी कसं बोलावं, ते मी शिकवतो. तीन मिनिटं."

मी अकरा मिनिटं बोलले. त्यानं एकदाही टोकलं नाही.

"छान. आता सांगा — दलदल गेली, तर कुणाचं काय बिघडेल?"

सहा वर्षं त्या चिखलात काढली... आणि हे साधं वाक्य माझ्याकडे नव्हतं!

दलदलीचा निर्णय करणाऱ्या समितीची बैठक महिन्यावर होती. दर मंगळवारी मी जात राहिले. तो कधी चिडका अध्यक्ष व्हायचा, कधी पेंगणारा सदस्य. घाण पाण्याला किती ऑक्सिजन लागतो, त्याला आम्ही ‘ऑक्सिजनची मागणी’ म्हणतो; ते ऐकून एकदा पेंगणारा सदस्य जागा झाला.

"बाई, ही ऑक्सिजनची मागणी कुणी कुणाला घातली?"

मी खो खो हसले. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे कान लालेलाल झाले. माझेही झाले असावेत.

"चिखलात जायचं नसलं की बरी नीटनेटकी निघतेस गं!" आई म्हणायची. मी ऐकलंच नाही असं दाखवायचे.

बैठकीत सगळं सुरळीत झालं. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला. "आणि तुमचं चुकलं तर?"

याची तयारी आम्ही केलीच नव्हती. मी मागच्या रांगेत बसलेल्या त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. उत्तर माझं मलाच द्यायचं होतं.

"चुकलं तर दोन वर्षांनीही भराव टाकता येईल, साहेब. आज टाकला, तर दलदल परत आणता येणार नाही. आणि तिनं गाळलेलं पाणी चार हजार घरं पितात."

भरावाला दोन वर्षांची स्थगिती मिळाली.

बाहेर येताच माझे डोळे भरून आले. "तुमचे आभार कसे मानू..."

"मानू नका. दलदल दाखवा."

"आधीच का नाही म्हणालात?"

"निर्णय व्हायचा होता. त्याआधी तुमच्याकडे काही मागणं... शोभलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, चकचकीत बूट घालून. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतला.

"अहो! मी खाली चाललोय!"

"हलू नकोस. हात दे."

त्यानं हात दिला... आणि थबकला. "काय म्हणालीस?"

तोंडून एकेरी निघून गेलं होतं. आता मागे कशाला घ्यायचं?

"माझं म्हणणं कुणाला तरी कळू शकतं, हे मला तुझ्यामुळे कळलं. फार मोठं दिलंस तू मला. पण नुसते आभार नाहीत रे... मला तू आवडतोस."

वाऱ्यानं लव्हाळे सळसळले. त्यानं माझा हात घट्ट धरला.

"मलाही तू... केव्हापासूनच. आता मला बाहेर काढायची घाई करू नकोस."

मी केली नाही.