अर्ध्या तासाची वाट

पंढरीनाथकाकांना इरिओमोते बेटावरच्या एका धबधब्याकडे पायी न्यायचं आणि जंगलात एकटं सोडून परत यायचं, एवढ्यासाठी मी जून १९९६मध्ये जपानच्या दक्षिणेतल्या ओकिनावाची तिकिटं काढली.

काका माझ्या नात्यातले नव्हेत, तिथले सगळे मराठी लोक त्यांना काकाच म्हणत; तीस वर्षं ते योकोहामात राहत होते. टोकियोत कंत्राटावर येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ते सहलींच्या पुस्तिका लिहायचे. 'ओकिनावातली दहा प्रेक्षणीय स्थळं' ही त्यांचीच. तिच्यात सातवा हा धबधबा होता. 'होडीतून उतरल्यावर अर्ध्या तासाची सोपी वाट. मुलांनाही न्यावं.' माझा धाकटा भाऊ सारंग आदल्या वर्षी ती पुस्तिका घेऊन एकटाच गेला. वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलं. दोन दिवसांनी तो खाली खारफुटीत सापडला.

मी काकांना पत्र लिहिलं, तर एका ओळीचं उत्तर आलं. 'प्रवासी आपल्या जबाबदारीवर जातो.' ते पत्र मी माहेरच्या आडनावाने लिहिलं होतं. म्हणून या वेळी सासरचं आडनाव सांगितलं आणि नव्या आवृत्तीसाठी फोटो काढून देते म्हटलं. काका खुशीत तयार झाले.

शेजारच्या इशिगाकी बेटाहून बोटीने इरिओमोतेवर आलो आणि मियारा-सान नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीत बसलो. नदी रुंद आणि संथ होती. दोन्ही काठांना खारफुटीची मुळं चिखलात रोवून उभी होती, वर हिरवे डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर ढग. काका होडीच्या टोकाशी जाऊन फोटोसाठी उभे राहिले. त्यांच्या पायात ऑफिसचे चामड्याचे बूट होते.

मियारा-सान मला हळूच म्हणाला, "चार वाजेपर्यंत थांबतो. नंतर ओहोटीने होडी चिखलात बसेल. आणि ओढ्याचं पाणी गढूळ दिसलं तर आत उतरू नका. वर डोंगरात पाऊस असतो."

मी मान हलवली. काकांना मात्र यातलं काही सांगितलं नाही.

दहा वाजता चालायला लागलो. वाट कसली, नुसती मुळं आणि शेवाळलेले दगड! दमट उष्म्याने शर्ट अंगाला चिकटले. अर्ध्या तासात काका तीनदा घसरले. तासाभरात त्यांच्या मोज्यांवर जळवा चढल्या. ते धडपडले की मला बरं वाटे.

"वहिनी, वाट चुकलो का आपण?"

"नाही काका. तुमच्या पुस्तिकेतलीच वाट आहे ही."

बारा वाजता ओढा आला. पाणी गुडघ्याएवढं आणि स्वच्छ होतं. आम्ही पलीकडे गेलो. पुढे कुठेतरी धबधब्याचा आवाज येत होता. काका धापा टाकत दगडावर बसले आणि मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मागच्या वर्षी इथे सारंग नावाचा मुलगा वाहून गेला. तो माझा भाऊ."

त्यांना आठवायला जरा वेळ लागला. मग चेहरा उतरला.

"अर्धा तास कुठून आणलात?"

"मी इथे कधी आलोच नव्हतो," ते खाली बघत म्हणाले. "जपानी पत्रकात अडीच तास दिले होते. तसं लिहिलं तर कोणी बायकामुलांना घेऊन जात नाही, म्हणून मी..."

मला वाटलं होतं, चूक झाली म्हणतील. पण त्यांना खरं माहीत होतं. त्यानंतर माझ्या तोंडातलं 'काका' गेलं ते गेलंच; उरला तो नुसता 'तो'.

मी वळले आणि परत ओढ्यात शिरले. पाणी आता मांडीपर्यंत होतं आणि गढूळ झालं होतं. मी ते पाहिलं. तरीही मागे वळून काही बोलले नाही.

मी काठावर चढते तोच मागे आवाज झाला. तो माझ्यामागे उतरला होता. दोन पावलं टाकली. तिसरं सुटलं! पाण्याने त्याला उचललं, फिरवलं आणि मधल्या खडकावर आपटलं. त्याने दोन्ही हातांनी खडक धरला. पाणी छातीपर्यंत आलं.

माझ्या पिशवीत दोर होता. मी तो बाहेर काढला आणि हातात धरून नुसती उभी राहिले. वीस अंक मोजण्याइतका वेळ असेल. तेवढा वेळ मी त्याच्याकडे बघत होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग मनात आलं, हा इथे मेला तर सारंगसारखाच मेला असं लोक म्हणतील. दोघांसाठी सारखंच हळहळतील. ते मला नको होतं. शिवाय आई होती. सारंगनंतर ती पुण्याहून येऊन माझ्याकडे टोकियोतल्या कोतो भागात राहत होती आणि रोज एकच विचारायची, तो अशा ठिकाणी गेलाच कसा?

दोराचं एक टोक झाडाला बांधलं. दुसरं फेकलं. चुकलं. पुन्हा फेकलं. त्याने ते मनगटाला गुंडाळलं आणि खडक सोडला. मी पाय झाडाच्या मुळांत अडकवून ओढलं. हातांचे तळवे सोलले. तो काठाला लागला तेव्हा त्याचा एक बूट गेला होता.

"का ओढलंत?" खोकला थांबल्यावर त्याने विचारलं.

"माझ्या आईसमोर बसायचं. आत्ता मला सांगितलंत ते सगळं तिला सांगायचं."

त्याने मान हलवली.

धबधबा पाहायचा राहिलाच. परतीला तीन तास लागले. त्याचा अनवाणी पाय रक्ताळला होता. मी त्याला हात दिला नाही, पण प्रत्येक वळणावर थांबले. मियारा-सान कमरेएवढ्या पाण्यात होडी धरून उभा होता.

पुढच्या रविवारी तो लंगडत आमच्या घरी आला. आईने सगळं ऐकलं. अडीच तासांचा अर्धा तास कसा केला तेही त्याने सांगितलं. ती रडली नाही आणि ओरडलीही नाही. आमच्याकडे दारात आलेल्या पोस्टमनलाही पाणी विचारतात. तो तासभर बसला होता, त्याचा घसा कोरडा पडून आवाज फुटेना, पण आईने त्याला पाणी विचारलं नाही. मीही उठले नाही.

तो गेल्यावर आई म्हणाली, "म्हणजे सारंगने वेडेपणा केला नव्हता."

"नाही गं."

त्या रात्री ती वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवली. मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू?